तळमजल्यावरची खिडकी

“टेकवा! आधी टेकवा म्हणतोय ना!” मगदूमकाका ओरडले आणि आप्पांची खुर्ची जिन्याच्या वळणावर तिरकी झाली.

मी वरच्या पायरीवर उशी आणि पाण्याची बाटली घेऊन उभी होते. मागचा बांबू धरलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या सुतारांचा हात घामानं सुटला होता. आप्पा कठड्याकडे कलंडले. मगदूमकाकांनी पुढचा बांबू न सोडता खुर्चीला खांदा लावला म्हणून ते जिन्यात पडले नाहीत. त्यांचा डावा, लुळा हात मात्र कठडा आणि खुर्चीच्या मध्ये सापडला. दुखलं असणार, पण त्या हाताला दुखलेलं कळत नव्हतं.

“पालखी लवंडली की रे, मगदूम,” आप्पा म्हणाले आणि हसले. अर्धं तोंड हसलं. दुसरं अर्धं लकव्याच्या झटक्यात गेलं होतं.

मला काही हसू आलं नाही. “बास झालं. परत ही खुर्ची जिन्यात आणायची नाही,” असं मी सगळ्यांच्या देखत ओरडले. पोस्टाच्या काउंटरला बसणाऱ्या बाईला गोड बोलायची सवय नसतेच, त्यात मी जीव मुठीत धरून उभी होते.

आमची वारणा सोसायटी सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला. तीन मजले, त्यामुळे बांधताना लिफ्ट कुणाच्या डोक्यातच आली नव्हती. तेव्हा सगळे तरुण होते. आप्पांनी हौसेनं वरचा मजला मागून घेतला, वारा येतो म्हणून. पुढं आई गेली, मी लग्न केलं नाही आणि आप्पांना झटका आला. मग खाली उतरायचं म्हणजे खुर्ची. लाकडी हातांची जुनी खुर्ची, तिला दोन बाजूंनी बांबू बांधलेले. रविवारी सकाळी चौघं जण वर यायचे आणि आप्पांना उचलून खाली न्यायचे. कुणी ठरवून दिलं नव्हतं, पण ती आमच्या बिल्डिंगची रीत झाली होती. पुढचा उजवा बांबू कायम मगदूमकाकांचा. ते आप्पांच्याच वयाचे, पण दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

खाली आल्यावर खुर्ची ठेवायची जागाही ठरलेली होती. जिन्याच्या बाहेर, तळमजल्यावरच्या मगदूमांच्या बेडरूमच्या खिडकीखाली. तिथं भिंतीचा कोपरा होता, दुपारपर्यंत सावली राहायची. आप्पा आणि मगदूमकाका तिथं बसून पेपर वाचायचे, जाणाऱ्यायेणाऱ्याची टिंगल करायचे. आणि खिडकीत रत्नाकाकू असायच्या.

रत्नप्रभा मगदूम म्हणजे मुलींच्या शाळेच्या हेडबाई. मला पाचवीत त्यांनीच शिकवलं. रिटायर झाल्यावर त्या फारशा बाहेर पडेनाशा झाल्या. गुडघे, असं मगदूमकाका सांगायचे. पण खिडकीत मात्र सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसलेल्या. केस चापून बसवलेले, इस्त्रीचं पातळ. जिन्याकडे येणारा प्रत्येक माणूस त्यांच्यासमोरून जायचा आणि प्रत्येकाला त्या म्हणायच्या, “चहा घेऊन जा हं.”

दूधवाल्याला म्हणायच्या, आवटी सेक्रेटरींना म्हणायच्या, मी ऑफिसातून दमून आले की मलाही. आम्ही सगळे मान डोलवायचो. “येते हं काकू, नंतर,” म्हणायचं आणि पुढं व्हायचं. कुणी कधी आत गेलं नाही. असं बोलावणं काय खरं धरायचं असतं? ‘या एकदा जेवायला’ म्हटल्यावर कुणी ताट मांडायला सांगतं का? बोलवणाऱ्यालाही ते माहीत असतं. काकू फार अगत्याच्या आहेत, असं मात्र सगळी बिल्डिंग म्हणायची.

खुर्ची लवंडली त्याच दिवशी मी आवटींच्या घरी गेले आणि लिफ्टचा विषय काढला. आवटी विम्याचं काम करायचे, माणूस बोलका आणि पिच्छा पुरवणारा. त्यांनी इंजिनिअर आणला. इंजिनिअर बिल्डिंगभोवती फिरला, टेप लावली आणि म्हणाला, “एकच जागा आहे. जिन्याला चिकटून, हा कोपरा.”

म्हणजे खुर्ची ठेवायची तीच जागा. आणि लिफ्टची एक भिंत मगदूमांच्या खिडकीवर.

सभा खाली पार्किंगमध्ये भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आवटींच्या घरचे चिवड्याचे द्रोण. पैशाची कुरकुर कुणी केली नाही. तळमजल्यावाल्यांना लिफ्टच्या खर्चातून आधीच वगळलं होतं. सगळे हो म्हणाले. मग मगदूमकाका उठले.

“माझी हरकत आहे. माझी खिडकी जाते.”

“काका, मागच्या बाजूला दोन खिडक्या आहेत की तुम्हाला,” आवटी म्हणाले. “उजेड येतो, वारा येतो. शिवाय सोसायटी तुम्हाला आत एक्झॉस्ट बसवून देईल.”

“त्या खिडक्यांतनं कंपाउंडची भिंत दिसते.”

“मग काय बघायचंय तुम्हाला? जिना?” कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

“ती खिडकी जाता कामा नये,” काका म्हणाले. “दुसरं काही मी मागत नाही. लिफ्ट कुठंही बसवा.”

“कुठंही बसत नाही, तेच तर सांगतायत!” मी उठले. “काका, तुम्हीच खांदा लावला नसता तर त्या दिवशी आप्पा जिन्यात गेले असते. तुम्ही स्वतः बघितलंय. एका माणसाला आभाळ बघायला मिळावं की तुमच्या बेडरूमला तिसरी खिडकी असावी? एवढंच सांगा.”

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नव्हे. मला वाटलं होतं ते चिडतील, भांडतील, मग मलाही भांडता येईल. ते म्हणाले, “शैला, तुझं बरोबर आहे,” आणि पुन्हा तेच, “पण माझी हरकत लिहून घ्या.”

ठराव बहुमतानं झाला. दुसऱ्या आठवड्यात मगदूमकाकांनी निबंधकांच्या कार्यालयात अर्ज टाकला आणि काम अडकलं. बिल्डिंगीत काकांशी बोलणं बंद झालं. भाजीच्या गाडीवर बायका उठता-बसता त्यांचा उद्धार करायच्या. स्वतः तळमजल्यावर राहतात, त्यांना काय कळायचंय जिन्याचं दुखणं. त्यांच्या खिडकीसमोरून जाताना लोक आता मानही डोलवायचे नाहीत. काकू मात्र आधीसारख्याच प्रत्येकाला चहाला बोलवायच्या. मला ते ढोंग वाटायचं. एकदा मी थांबून म्हटलंसुद्धा, “काकू, नवऱ्याला जरा समजवा, मग चहा.” त्या गोड हसल्या. “चहा घेऊन जा हं,” म्हणाल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

खुर्ची बंद झाल्यावर आप्पा वरच राहिले. पावसाळा गेला, दिवाळी गेली. पहिल्यांदा ते गॅलरीत बसायचे. मग पलंगावरून उठायला कुरकुरू लागले. पेपर नको, रेडिओ नको. दाढी करायला न्हावी वर यायचा, त्यालाही परत पाठवायला लागले.

“थोडे दिवस कळ काढा,” मी म्हणायचे. “तुमच्या दोस्ताचा अर्ज निकालात निघू दे. मग रोज खाली नेते.”

“मला जायचंच नाही खाली.”

“असं काय करता आप्पा?”

“खरंच नको. इथं बरा आहे मी. लिफ्टचं खूळ डोक्यातनं काढ तू.”

“खूळ?”

“मगदूमला त्रास देऊ नका उगंच. त्याचं त्याला माहीत.”

“आणि तुमचं? तुमचं कुणाला माहीत?” मी हातातली वाटी आपटली. माणूस मनानं खचला की असंच बोलतो, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. जगण्यातलं लक्ष काढून घेतो, काही नको म्हणतो. आप्पा जितकं ‘नको’ म्हणायचे तितकी मी हट्टाला पेटायचे. आवटींना रोज फोन करायचे.

मगदूमकाका रविवारी वर यायचे. सगळ्या बिल्डिंगीत ते एवढंच घर चढायचे. मी दार उघडायचे आणि न बोलता आत जायचे. त्यांना पाणीही विचारायचे नाही. पण ते बसायचे नाहीतच. पेपरची पुरवणी द्यायची, दोन शब्द बोलायचे आणि “घरी काम आहे” म्हणून काढता पाय घ्यायचा. रिटायर माणसाला रविवारी कसलं आलंय काम? तोंड दाखवायची लाज वाटते, असा मी अर्थ काढला होता.

संक्रांतीच्या सुमाराची गोष्ट. काका आले तेव्हा आप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी स्वयंपाकघरात तीळ भाजत होते.

“खोत, ऊठ,” काका आप्पांना म्हणाले. “कर्नाटकातनं काय ऊस आलाय बघ, रस्ता भरलाय गाड्यांनी.”

आप्पा वळले नाहीत. मग काकांचा आवाज आला, वेगळाच.

“मी अर्ज मागं घेतोय.”

“घेऊ नकोस,” आप्पा म्हणाले.

“तुझं काय झालंय बघितलंस का आरशात?”

“माझं जे व्हायचं ते होईल. मगदूम, अर्ज मागं घेऊ नकोस. ऐक माझं.”

“तू गप.”

“तिला विचारलंस?”

“कुणाला विचारू?” काका म्हणाले. “काय विचारू, सांग.”

मी कढई उतरवून बाहेर आले. आप्पा उजव्या हातानं काकांचा सदरा धरून होते आणि काका तो सोडवत होते. दोघांचे डोळे ओले. मला वाटलं, काकूंचा विरोध आहे तर! नवरा तयार आहे आणि हेडबाईंनी अडवून धरलंय. मी काकांना पहिल्यांदाच म्हटलं, “बसा काका, चहा टाकते.”

“नको गं. घरी काम आहे,” ते म्हणाले आणि कठडा धरून उतरून गेले.

मग काम झपाट्यानं सुरू झालं. खड्डा, सळया, विटा. खिडकीचे गज काढून तिथं वीटकाम घालायचं होतं, तेव्हा गवंडी आवटींकडे तक्रार घेऊन आला. मी तिथंच होते.

“आतल्या मावशी वीट बसवू देईनात. लावली की हात घालतात मधी. बोट चेंगरंल की हो एखांद्या वेळी.”

आवटी वैतागले. “बघितलंत शैलाताई? अर्ज मागं घेतला आणि आता हे असं.” त्यांनी मगदूमकाकांना फोन लावला. काका आले, आत गेले आणि खोलीचं दार आतून लावल्याचा आवाज झाला. मग गवंड्यानं काम पुरं केलं. शेवटची फट बुजवेपर्यंत आतून काकूंचा आवाज येत होता. काय म्हणत होत्या ते सिमेंट कालवायच्या घरघरीत ऐकू आलं नाही.

उद्घाटन गुढीपाडव्याला झालं. लिफ्टच्या दाराला आंब्याचे टहाळे, नारळ, पेढे. पहिला मान आप्पांचा, असं आवटींनी जाहीर केलं. मी चाकाची खुर्ची आणली होती. आप्पांना स्वच्छ धोतर नेसवलं, टोपी घातली. लिफ्टचं दार बंद झालं, खोली हलकेच खाली गेली आणि मला रडू फुटलं. इतके महिने मी ह्याच्यासाठी भांडले होते. खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“बागेपर्यंत जाऊया?” मी विचारलं. “कुठं नेऊ, सांगा.”

“मगदूमच्या दारात घे,” आप्पा म्हणाले.

“आत्ता? आप्पा, सणाच्या दिवशी कशाला...”

“घे म्हणतो ना.”

काकांनी दार उघडलं. आप्पांना बघून बाजूला झाले. बाहेरची खोली नेहमीसारखी, नीटनेटकी. आप्पांनी हातानंच आतली खोली दाखवली. मी खुर्ची ढकलली.

काकू खुर्चीत बसल्या होत्या. केस चापून बसवलेले, इस्त्रीचं पातळ. तोंड भिंतीकडे. पूर्वी खिडकी होती तिथं नवं प्लॅस्टर होतं, अजून रंग लागला नव्हता. त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून त्या भिंतीकडे बघत होत्या. काय करतायत मला समजेना. इतक्यात भिंतीपलीकडे लिफ्ट घरघरली, कुणीतरी वरून खाली येत होतं. काकूंचा चेहरा उजळला. त्या किंचित पुढं झुकल्या आणि प्लॅस्टरला म्हणाल्या, “चहा घेऊन जा हं.”

मी काकांकडे वळले.

“केव्हापासून?” मी कसंबसं विचारलं.

“झाली की वर्षं,” मगदूमकाका म्हणाले. “आधी नावं गेली. मग मी गेलो. मला ती शाळेचा शिपाई समजते. शेवटी हे एवढंच वाक्य राहिलं. खिडकीत बसवली की शांत असायची. माणसं येतात, जातात, तिला वाटायचं आपल्याकडंच आलीत. उठवलं की घरी न्या म्हणून रडायची.”

“सांगितलं का नाही काका? सभेत एक शब्द बोलला असता...”

“हेडबाई होती ती, शैला. गावातल्या निम्म्या पोरी तिच्या हाताखालनं गेल्या. तू गेलीस. ठरावासाठी तिला सभेपुढं उभी करू? बघा माझ्या बायकोचं काय झालंय, म्हणून?” त्यांनी आप्पांकडे बघितलं. “तुझ्या आप्पाला माहीत होतं. खिडकीखाली बसायचा ना. त्याला मी शपथ घातली होती.”

मला सगळे ‘नको’ आठवले. आपटलेली वाटी आठवली. आप्पांनी मात्र माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी चाकाला उजव्या हातानं रेटा दिला, काकूंच्या शेजारी गेले आणि म्हणाले, “वहिनी, चहा घ्यायला आलोय.”

काकूंनी वळून बघितलं. इतक्या वर्षांत त्यांना असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. त्या गोंधळल्या. पदर सारखा केला, माझ्याकडे, काकांकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, “साखर आहे का बघते.” पण उठल्या नाहीत. उठायचं कशासाठी ते विसरल्या होत्या. मगदूमकाका तोंडाला हात लावून स्वयंपाकघरात गेले. त्या पाडव्याला आम्ही चौघांनी त्या भिंतीसमोर बसून चहा घेतला.

लिफ्ट नको होती, असं मी आजही म्हणणार नाही. आता माझेच गुडघे बोलतात, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या सुतारांची सून सातव्या महिन्यात त्याच लिफ्टनं वरखाली करत होती. लोक आवटींचं नाव काढतात, ते बरोबरच आहे. मी फक्त झालं ते सांगते आहे.

आप्पांनी त्या दिवसापासून एक सवय लावून घेतली. मी त्यांना रोज संध्याकाळी खाली न्यायचे. लिफ्ट तळमजल्यावर टेकली की दार उघडायच्या आत ते डाव्या बाजूच्या पत्र्यावर तळव्यानं थाप मारायचे आणि मोठ्यांदा ओरडायचे, “येतो हो वहिनी!” पत्र्यावर थापटलेलं आत ऐकू जातं, असं मगदूमकाकांनी सांगितलं होतं. आमच्याबरोबर कुणी असलं तर दचकायचं. झटक्यानं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं बिल्डिंगीत बोललं जाऊ लागलं. आप्पांनी ते बोलू दिलं आणि मीही बोलू दिलं. शपथ आता माझ्यावरही होती. बाहेर आलो की आप्पा खरोखरच मगदूमांच्या दारात जायचे. चहा घेऊनच परत यायचे.

तिसऱ्या वर्षी, श्रावणात, आप्पा झोपेतच गेले. सकाळी माणसं जमली. लिफ्टमध्ये आडवं माणूस मावत नाही, हे तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आवटी टेप घेऊन आले, आत वाकून बघितलं आणि टेप गुंडाळून परत फिरले. शेवटी जिनाच. चौघं पुढं झाले. मगदूमकाका पुढच्या उजव्या बाजूला आले, तेव्हा सुतारांनी त्यांचा खांदा धरला. “काका, तुम्हाला झेपायचं नाही आता.”

“ती बाजू माझी आहे,” काका म्हणाले.

वळणावर त्यांनी “सावकाश, सावकाश” म्हटलं. खाली आल्यावर सवयीनं त्यांचे पाय कोपऱ्याकडे वळले. तिथं आता लिफ्टची भिंत होती. ते क्षणभर तिच्यासमोर थांबले, मग बाकीच्यांबरोबर फाटकाकडे गेले.

संध्याकाळी घर पाहुण्यांनी भरलं होतं. दुधाच्या पिशव्या आणायच्या म्हणून मीच निघाले, कुणाला जाऊ दिलं नाही. लिफ्टमध्ये एकटीच होते. खाली टेकली, आणि माझा हात आपोआप डाव्या पत्र्यावर गेला. मी थाप मारली. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. पलीकडं त्या भिंतीला तोंड करून बसल्या असणार, केस चापून बसवलेले, वाट बघत.

“काकू,” मी मोठ्यांदा म्हटलं, “आप्पा म्हणालेत, नंतर येतो.”